हातावर कुणाचं गोंदण?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा. गेली काही वर्षं बायको-मुलासह न्यूझीलंडमध्ये, दक्षिण ऑकलंडमध्ये राहतो, एका गोदामात नोकरी करतो. मुलगा इथेच जन्मला, आता शाळेत जायला लागलाय. त्याच्यासाठी, आमच्या कुटुंबाची खूण म्हणून हातावर पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या पद्धतीचा, टॅटू काढायचं बरेच दिवस मनात आहे. इंटरनेटवर चिन्हांचे तक्ते मिळतात : कासव म्हणजे कुटुंब, शार्कचे दात म्हणजे ताकद, वळलेला कोंब म्हणजे नवी सुरुवात. त्यातून निवडून मनगटाच्या वर येईल असा एक पट्टा मी जुळवला. मधोमध तिरक्या चौकोनाची सुंदर नक्षी घेतलीय, चारही कोपऱ्यांतून रेषा फुटलेल्या. दिवाळीत घरी येणार आहोत. पुण्यात भावाच्या ओळखीचा स्टुडिओ आहे, इथल्यापेक्षा खूपच स्वस्तात होईल. ॲडव्हान्सही दिलाय.

आमचे सुपरवायझर सामोअन, म्हणजे सामोआ बेटांवरचे, आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे. इथे नवा होतो तेव्हा त्यांनीच मला सांभाळून घेतलं. त्यांच्या अंगावर पारंपरिक टॅटू आहे, शॉर्टखाली गुडघ्यापाशी त्याची किनार दिसते. मोठ्या हौसेने मी त्यांना मोबाइलवर डिझाइन दाखवलं. बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘हे कुणाचं आहे?’’ मी म्हटलं, माझंच, मीच जुळवलंय. त्यांनी फोन परत दिला आणि कामाला लागले. तेव्हापासून बोलतात, पण पूर्वीसारखं नाही.

बायको म्हणते, उगाच वाद कशाला, गणपती काढ. भाऊ म्हणतो, जगभर सगळे काढतात, त्यात काय? त्याने अख्खा हात ‘माओरी’, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसारखा, करून घेतलाय. माझं काही चुकलं का? मी इथे राहतो, कर भरतो, माझा मुलगा शाळेत हाका, म्हणजे माओरींचं समूहनृत्य, करतो, तरी मला हक्क नाही? आणि आता त्यांच्याशी काय बोलू?

— एक वाचक, ऑकलंड

प्रिय वाचक,

पुण्यातली अपॉइंटमेंट रद्द करा. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या. टॅटूची इच्छा मात्र सोडू नका. ती चांगली आहे, आणि ऑकलंडमध्ये राहून ती नीट पुरी करायची जी सोय तुम्हाला आहे ती नाशिक-पुण्यात कुणालाच नाही.

तुमच्या पट्ट्यातल्या त्या तिरक्या चौकोनापासून सुरुवात करते, कारण सुपरवायझर गप्प झाले ते बहुधा तिथेच. तुमच्या वर्णनावरून ती सामोअन बायकांच्या ‘मालू’मधली मुख्य खूण दिसते. मालू म्हणजे सामोअन स्त्रीचं गोंदण. मांडीपासून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत, नाजूक आणि विरळ. तो चौकोन येतो गुडघ्याच्या मागच्या लवणीत, आणि त्याच्याच नावाने सगळं गोंदण ओळखलं जातं. ज्या बाईच्या अंगावर मालू आहे ती ते एरवी झाकून ठेवते. समारंभात नाचायला उभी राहिली की तेवढ्यापुरतं ते लोकांना दिसतं. तुमच्या सुपरवायझरांच्या आईच्या, बहिणीच्या, लेकीच्या अंगावर ते असू शकतं. तुम्ही ते एका पुरुषाच्या मनगटावर, कासव आणि शार्कच्या दातांच्या मध्ये बसवून त्यांना दाखवलंत. तुमच्या मनात वावगं काही नव्हतं हे त्यांना कळलं असणार, म्हणून तर ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे कुणाचं आहे. कुठल्या घरचं, कुठल्या गावचं, कुणाच्या हातचं, असं त्यांना विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, माझंच.

सामोअन माणूस हा प्रश्न का विचारतो, ते समजायला त्यांच्या स्वतःच्या अंगावर काय आहे ते माहीत हवं. तो ‘पेआ’, सामोअन पुरुषाचं गोंदण. कंबरेच्या वरपासून गुडघ्यापर्यंत, पुढून-मागून, जवळजवळ सगळी कातडी भरलेली. पाठीवर सगळ्यांत वर आडवी होडी असते. तिच्याखाली ‘आसो’ नावाच्या समांतर रेषा, म्हणजे घराच्या छपराचे वासे. माणूस आपल्या कुटुंबाचं घर अंगावर घेतो. सगळ्यांत शेवटी बेंबीभोवतीचा भाग गोंदतात, आणि तेव्हाच पेआ पुरा होतो.

गोंदण चालू असतं तेव्हा ती खोली कशी असते ते सांगते. माणूस चटईवर आडवा पडलेला. गोंदणारा, ज्याला ‘तुफुंगा’ म्हणतात, त्याच्याजवळ मांडी घालून बसलेला. त्याच्या एका हातात लांब दांड्याचं हत्यार, टोकाला दातेरी पट्टी. ती पूर्वी रानडुकराच्या सुळ्याची किंवा हाडाची असे, आता बऱ्याच ठिकाणी निर्जंतुक करता येतील अशी धातूची हत्यारं वापरतात. दुसऱ्या हातात छोटी काठी. दातेरी टोक शाईत बुडवायचं, कातडीवर टेकवायचं आणि काठीने ठोकत जायचं, टक टक टक टक, एका लयीत. ती शाई पूर्वी तेलकट बियांच्या काजळीची असायची. दोन्ही बाजूंना मदतनीस, दोन्ही हातांनी कातडी ताणून धरलेली. रेघ झाली की रक्त टिपायचं, पुन्हा ताणायची. उशाशी घरचे बसलेले. कुणी वारा घालतंय, कुणी गातंय, कुणी नुसता हात धरून आहे. असं दिवसचे दिवस चालतं, कधी काही आठवडे. दुखणं सहन न होऊन मध्येच उठला तर अर्धवट पेआ जन्मभर अंगावर राहतो आणि ती नामुष्की त्याच्या एकट्याची नसते, घराण्याची असते. पुरा झाला की समारंभ होतो, आणि त्याच्या अंगाला खोबरेल आणि हळद लावतात. होय, हळदच.

आणि मग काम सुरू होतं. पेआ असलेल्या माणसाने सेवेला हजर राहायचं असतं : गावच्या मानकऱ्यांच्या, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, चर्चच्या, पाहुण्यारावळ्यांच्या. सामोअन भाषेत एक म्हण आहे, अधिकाराचा रस्ता सेवेतून जातो. तुम्ही नवखे होतात तेव्हा या गृहस्थांनी तुम्हाला सांभाळून घेतलं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्या स्वभावातला चांगुलपणा तर असेलच. पण त्यांच्या अंगावर जे आहे त्यानेही त्यांना तेच शिकवलंय.

हे कुणीही कुणालाही देत नाही. सामोअन आख्यान सांगतं की ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून ही विद्या आणि हत्यारं घेऊन पोहत आल्या. येताना त्या गात होत्या, ‘बायकांना गोंदायचं, पुरुषांना नाही’. वाटेत समुद्राच्या तळाशी शिंपला दिसला म्हणून बुडी मारली, वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालं होतं. ती विद्या मोजक्या घराण्यांकडे आली आणि आजही पेआ गोंदणारा आपलं नातं त्या घराण्यांशी सांगतो. सुलुआपे कुटुंब त्यातलंच. म्हणजे तुमच्या पट्ट्यातल्या एका चौकोनामागे गोंदणारं घराणं आहे, गोंदून घेणारीचं घराणं आहे, आणि दोघांमध्ये झालेला एक व्यवहार आहे, ज्यात पूर्वीपासून विणलेल्या उत्तम चटया आणि अन्न दिलं-घेतलं जातं. तक्त्यात यातलं काहीही येत नाही. तिथे फक्त आकार उरतो आणि खाली एका शब्दाचा अर्थ.

त्या तक्त्यांबद्दल मला मनापासून राग आहे, तो इथे लिहूनच टाकते. तुमचा वळलेला कोंब माओरी आहे, चौकोन सामोअन. ऑकलंड ते सामोआची राजधानी आपिया हे अंतर जवळजवळ तीन हजार किलोमीटर. हे वेगवेगळे समाज आहेत. त्यांच्या भाषा एकाच कुळातल्या, देवकथाही पुष्कळ सारख्या, पण गोंदणाचे नियम आपापले. ‘पॉलिनेशियन’ नावाची एकच एक नक्षी तिथे कुणीच काढत नाही. आणि हे सगळं आज आयतं दिसतं, पण ते सहज टिकलेलं नाही. ताहिती बेटावर राजा पोमारेच्या 1819 च्या कायद्याने गोंदण बंद केलं. टोंगा बेटांवर 1839 च्या कायद्याने. मार्केसास बेटांवर मिशनरी आणि फ्रेंच अंमलाखाली ते जवळजवळ संपलं. कार्ल फॉन डेन श्टाइनेन या जर्मन अभ्यासकाने 1897-98 मध्ये तिथल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या नक्ष्या कागदावर उतरवून घेतल्या होत्या. पुढे नातवंडा-पतवंडांना आपल्याच आजोबांची नक्षी अशा परक्याने काढलेल्या चित्रांतून शोधावी लागली. सामोआत मिशनरी 1830 मध्ये आले, त्यांनाही गोंदण नको होतं, पण तिथे ठोकण्याचा आवाज कधीच थांबला नाही. टोंगातले बडे लोकसुद्धा गोंदून घ्यायला सामोआला जायचे, आणि गेल्या काही दशकांत इतर बेटांवर हत्यारांचं गोंदण पुन्हा सुरू झालं त्यात सामोअन गुरूंचा मोठा हात आहे. जे इतकं जपून ठेवावं लागलं, त्याच्याबद्दल माणसं हळवी असणारच.

माओरींची गोष्ट तर आणखी कडू आहे, आणि तुम्ही राहता तो देश त्यांचा, म्हणून ती तुम्हाला माहीत असायलाच हवी. ‘मोको’ हे माओरी गोंदण. तो चेहऱ्यावर येतो आणि पूर्वी तो अल्बट्रॉस पक्ष्याच्या हाडाच्या छिन्नीने कोरायचे, त्यामुळे कातडीवर खरोखरच्या खाचा पडत. ओठ सुजलेले असताना त्या माणसाला नक्षीदार लाकडी नरसाळ्यातून भरवत. त्या रेषांमध्ये त्याचा वंश आणि मान असे. ‘ते पेही कुपे’ नावाचा माओरी सरदार 1820 च्या दशकात इंग्लंडला गेला होता. तिथे त्याचं चित्र काढलं जात असताना चेहऱ्यावरच्या रेषा अचूक याव्यात याचीच त्याला काळजी होती. त्याने स्वतः आरशाशिवाय, आठवणीतून आपला मोको कागदावर काढून दाखवला. गोरा माणूस लेखणीने नाव लिहितो, माझं नाव इथे आहे, अशा अर्थाचं तो बोलला आणि कपाळाकडे बोट केलं. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातल्या 1840 च्या वैतांगी करारावर काही सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोचाच एखादा भाग काढला.

याच काळात गोंदलेल्या, वाळवून जपलेल्या मस्तकांचा धंदा चालला. युरोपीय व्यापाऱ्यांना ती ‘नवलाई’ म्हणून हवी होती, माओरी टोळ्यांना बंदुका हव्या होत्या. मागणी इतकी वाढली की गुलामांना गोंदून, मारून त्यांची मस्तकं विकली गेली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरने 1831 मध्ये हा व्यापार बंद केला, तोवर कितीतरी मस्तकं जगभरच्या संग्रहालयांत गेली होती. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे 35 होती. ती 2014 मध्ये परत आली. वेलिंग्टनचं ‘ते पापा’ संग्रहालय 2003 पासून अशा पूर्वजांना घरी आणायचं काम करतंय. म्हणजे हे काही इतिहासजमा झालेलं नाही. तुमच्या शेजारच्या माओरी कुटुंबाच्या लेखी ते पणजोबाचं परतणं आहे. परक्याने आपली नक्षी ‘मस्त दिसते’ म्हणून घ्यावी, याचा अनुभव या लोकांनी फार भयंकर रूपात घेतलाय.

आता तुमच्या हक्काच्या प्रश्नाकडे येते. तुमचा मुलगा शाळेत हाका करतो, हे उदाहरण तुम्हीच दिलंत, आणि ते फार चांगलं आहे. त्याला तो हाका कुणीतरी समोर उभं राहून शिकवला. कुठला हाका, कधी करायचा, कुणाच्या स्वागताला, पाय कसा आपटायचा, हे सांगितलं. त्याने तो तक्त्यातून उचलला नाही, म्हणून तो त्याच्या अंगी लागला. तुम्हीही तसंच करा. देशात राहून पुढे नागरिकत्व मिळू शकतं, मतदान करता येतं. वंश आणि घराणं मात्र त्यातून मिळत नाही, ते देणारा माणूस लागतो. आणि देणारी माणसं आहेत, तुमच्याच भागात आहेत.

बाहेरच्याने काय घ्यावं यावर त्या समाजांतही एकमत नाही. सुलुआपे पाउलो दुसरे या नामवंत तुफुंगांनी बिगर-सामोअन लोकांनाही पेआ दिला आणि त्यावर सामोअन समाजात बराच वाद झाला. कुणी म्हणालं कला वाढली, कुणी म्हणालं हे आपल्या बाहेर जायला नको होतं. हा वाद त्यांचा त्यांना घालू द्या. तुमच्यापुरतं सांगायचं तर पेआ, मालू आणि माओरी चेहऱ्यावरचा मोको यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांचे तुकडेही घेऊ नका. कंपन्यांनाही हे उशिराच कळतं. नायकीने 2013 मध्ये बायकांच्या व्यायामाच्या चड्ड्यांवर पेआची, म्हणजे पुरुषांची, नक्षी छापली होती. सामोअन लोकांनी जाब विचारल्यावर माफी मागून माल मागे घ्यावा लागला.

तुमच्यासाठी उघडी असलेली दारं वेगळी आहेत. सामोअन पद्धतीत ‘तौलिमा’ नावाचा हातावरचा पट्टा आहे. तो पेआसारखा जुना विधी नव्हे, अलीकडच्या काळात रुळलेला आहे आणि पाहुण्यांनाही दिला जातो. माओरी कलाकारांकडे ‘किरितुही’ आहे : माओरी शैलीतली, पण वंशाचा दावा न करणारी नक्षी, जी माओरी नसलेल्यांसाठीच काढतात. तुम्हाला हातावर पट्टाच हवाय. म्हणजे तुमची इच्छा आणि त्यांचा रिवाज इथे अगदी जुळतात. मला वाटतं, तुमच्या सुपरवायझरांशी असलेलं नातं बघता सामोअन तौलिमाच तुमच्यासाठी योग्य.

कलाकार निवडताना आधी माणूस बघा, चित्रं नंतर. त्याला विचारा, तुम्ही कुणाकडे शिकलात, तुमचं गाव कुठलं. ज्याला हे सांगायला आवडतं त्याच्याकडे जा. सोबत कुठलंही तयार डिझाइन नेऊ नका. तो तुम्हाला विचारेल, आई-वडील कोण, कुठून आलात, कुणाला गमावलंत, मुलगा कसा आहे. नीट सांगा, घाई करू नका. नाशिक सोडतानाचं सांगा, गोदावरीचं सांगा, मुलाच्या जन्माचं सांगा. पुष्कळ कलाकार आधी कागदावर काढत नाहीत. थेट हातावर पेनाने आखतात, दंडाचा उंचवटा, मनगटाचा निमुळतेपणा बघून. तो काय काढेल हे त्याच्यावर सोडा. एखादी गोष्ट तुम्हाला देता येणार नाही असं तो म्हणाला तर हुज्जत घालू नका. पैशांची घासाघीस तर अजिबातच नको. हातानेच ठोकून करायचं की मशीनने, हेही त्यालाच ठरवू दे. मशीनने केलं म्हणून ते कमअस्सल होत नाही.

आणखी एक सुचवते. तुमच्या आजीच्या, पणजीच्या हातावर गोंदण होतं का? आपल्याकडच्या बायकांच्या हातावर तुळशीवृंदावन असायचं, रामाचा पाळणा असायचा, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके असायचे. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं त्या म्हणायच्या. घरात तसा एखादा फोटो असेल, किंवा आईला ती नक्षी आठवत असेल, तर ती कलाकाराला दाखवा. ती त्याच्या पट्ट्यात घ्यायची की नाही हे तो ठरवेल. कदाचित म्हणेल की ही वेगळी राहू दे, दुसऱ्या हातावर घे. पण आपण रिकाम्या हाताने आलेलो नाही, आपल्याही घरी हे होतं, हे सांगून बसलात की त्या खोलीत तुमची बैठक बदलेल. बायकोने सुचवलेल्या गणपतीबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो तुम्हाला हवा असेल तर जरूर काढा. फक्त अवघड बोलणं टळावं म्हणून काढू नका.

कारण बोलायचं आहेच, आणि ते कलाकाराकडे जाण्याआधी. शिफ्ट संपल्यावर, आजूबाजूला माणसं नसताना जा. ते बसलेले असतील तर उभ्याने बोलू नका, बसा. त्यांच्यासमोरून जाताना तुमचे सामोअन सहकारी किंचित वाकून ‘तुलोऊ’ म्हणतात ते तुम्ही ऐकलं असेल, तुम्हीही म्हणा. मग सरळ सांगा : तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. त्यात मालूची खूण होती हे मला आता कळलं. ते डिझाइन मी काढून टाकलं. एवढं बोलून थांबा. लांबलचक माफी नको, मला माहीत नव्हतं हो, असं पुन्हा पुन्हा सांगणं नको. त्यात समोरच्याला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. त्यांना बोलू द्या. गप्प राहिले तर त्या गप्प राहण्यालाही वेळ द्या.

त्यानंतर, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी, विचारा : मला मुलासाठी हातावर काहीतरी घ्यायचंय, मी कुणाकडे जाऊ? ‘मी काढू का?’ असं विचारू नका. एक तर सगळ्या सामोअन लोकांच्या वतीने परवानगी देणं त्यांच्या हातात नाही, आणि तुमच्यावर माया असल्यामुळे ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जाईल. ‘कुणाकडे जाऊ’ या प्रश्नाला ते मोकळेपणाने उत्तर देऊ शकतात. कदाचित एखादं नाव सांगतील. कदाचित म्हणतील, थांब थोडा. थांबा. त्यांचा स्वतःचा पेआ दाखवा असं कधीही म्हणू नका, फोटो तर मागूच नका. आणि त्यांनी कधी रविवारी चर्चला किंवा घरी जेवायला बोलावलं तर मुलाला घेऊन जा आणि जेवण झाल्यावर भांडी उचलायला, खुर्च्या लावायला उठा. तिथे पोरंसोरं, जावई, सगळे उठतात. तुम्ही बसून राहिलात तर ते नजरेत भरेल.

भावाचं काय, असंही मनात असेल. त्याच्या हातावर जे आहे ते पुसा असं मी म्हणणार नाही. पण ते माओरी नाही, हे त्याला कळायला हवं, आणि त्याने ते तसं सांगू नये. आपल्याकडे जिममध्ये जाणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा ‘द रॉक’ या हॉलिवूड नटाचा, ड्वेन जॉन्सनचा, खांदा असतो. त्याची आई सामोअन कुटुंबातली. त्याचे आईकडचे आजोबा पीटर मायव्हिया कुस्तीच्या आखाड्यात उतरत तेव्हा त्यांचा पेआ सगळ्यांना दिसायचा. जॉन्सनने 2003 मध्ये ताहितीच्या कलाकाराकडून छातीवर-दंडावर जे काढून घेतलं त्यात त्याच्या घरच्यांची कथा आहे. तो खांदा कोथरूडमध्ये उतरवला की दुसऱ्याच्या आजोबांची गोष्ट आपल्या दंडावर येते. भावाला हे भांडून सांगू नका. दिवाळीत निवांत बसाल तेव्हा त्याला मालूची हकीकत सांगा, बाकीचं त्याचं तो जुळवेल. निदान पुढच्या मित्राला त्या स्टुडिओत नेण्याआधी तो विचार करेल.

आता वेळेचं. दिवाळी जवळ आलीय म्हणून तिथल्या कलाकाराच्या मागे लागू नका. चांगल्या माणसाकडे वाट बघावीच लागते. समजा वेळ मिळालीच आणि निघण्याआधी काम झालं, तर प्रवासाच्या आधी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. तोवर पोहणं बंद, उन्हात हात झाकलेला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, मधुमेह असेल किंवा जखमेचे वण फुगत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि कलाकारालाही सांगा. आणि नाशिकला पहिल्या अंघोळीला आई तेल-उटणं लावायला बसेल, तेव्हा खपली पूर्ण गेली नसेल तर तो हात तिला लावू देऊ नका.